बिनघोर दस्तगीरचाचा

काहिलीतला रस फुगून वर यायला लागला की गुऱ्हाळातली सगळी माणसं तिच्याभोवती गोळा व्हायची. आणि ज्याच्या एका शब्दावर ती काहील उतरायची, तो माणूस मात्र तिच्याकडे पाठ करून उसाच्या चिपाडांच्या ढिगावर आडवा झालेला असायचा. पायावर पाय, तोंडावर टॉवेल. नवखा कामगार असला तर त्याचा जीव खालीवर व्हायचा. "चाचा, उठा की! वर आलाय रस!" टॉवेलाखालून आवाज यायचा, "बिनघोर ऱ्हावा."

दस्तगीरचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. मी सहा-सात वर्षांची असेन. कसबा बावड्याच्या नदीकडच्या अंगाला ते गुऱ्हाळ होतं. आता तिथं प्लॉट पडलेत. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्या गुऱ्हाळात चुलवाणात जाळ घालायचे. चुलवाण म्हणजे जमिनीत खोल गेलेली चूल. आबा तिच्या तोंडाशी खड्ड्यात उभे, डोक्यावर काहील, म्हणजे रस आटवायची भली मोठी कढई, आणि काहिलीच्या अंगाला चाचा. आबांना वरचं दिसायचं नाही, चाचांना खालचं. दोघांचं सगळं बोलण्यावर चालायचं.

"संभ्या, दमानं."

"घेतलं दमानं."

"लाव आता."

"लावला."

एवढ्या चार शब्दांवर दोघांनी बावीस हंगाम काढले.

राजारामपुरीतल्या ज्या क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवते, तिथल्या मुलांना गुळव्या म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. म्हणून इथंही सांगते. उसाचा रस काहिलीत दोन-तीन तास आटतो. त्याच्यावरची मळी काढून काढून तो स्वच्छ होतो, मग पिवळा, मग घट्ट. शेवटी एक वेळ येते, फार तर अर्ध्या मिनिटाची. त्याच्या आधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही, चिकटच राहतो. नंतर उतरवली तर काळा पडतो. काहिलीतल्या त्या एका खेपेला आधण म्हणतात. आधण सोन्यासारखं होणार की बाद, हे ज्याच्या तोंडच्या "उतरा" या एका शब्दावर ठरतं, तो गुळव्या. बाकीचे गुळवे वाकून वाकून बघतात, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का पाहतात. चाचा झोपून ऐकायचे.

"रस बडबडतोय अजून," ते म्हणायचे. "कच्चा हाय तवर लई बोलतोय. पिकायला लागला की एकेक शब्द बोलतोय. मग फद... फद... अशी कुजबूज. आणि एकदम गप झाला की समजायचं, ह्याचं आता झालं."

असं म्हणता म्हणता ते उठायचे, टॉवेल खांद्यावर टाकायचे आणि ओरडायचे, "उतरा!" मग चार माणसं साखळीला लागायची, काहील तिरकी व्हायची आणि पिवळाधमक पाक गार करायच्या वाफ्यात पसरायचा. चाचा तेव्हाही वाफ्याकडे बघत नसत. विडी पेटवून आबांच्या खड्ड्याच्या कडेला जाऊन बसत.

बिनघोर हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. वाळवण अंगणात आहे, आभाळ भरून आलंय आणि मी पुस्तकात डोकं घालून बसलेय, की आई म्हणायची, "बिनघोर बसलीया बघा म्हाराणी!" काम सोडून झोपणारा तो बिनघोर, पोरीचं लग्न तोंडावर आलं तरी पत्ते खेळणारा तो बिनघोर. चाचांच्या तोंडी मात्र तो शब्द नेहमी दुसऱ्यासाठी असायचा. तू बिनघोर जा. तुमी बिनघोर झोपा. स्वतःबद्दल "मी बिनघोर आहे" असं ते म्हणाल्याचं मला आठवत नाही. कॉलेजात असताना मी लायब्ररीतला जाडा शब्दकोश काढून पाहिला. "निश्चिंत, काळजी नसलेला" एवढंच त्यात होतं. अर्थ बरोबर होता. पण काळजी नसते तेव्हा ती कुणाकडे असते, हे कोशात कुठं देतात?

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. आबा चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेत गेलीच नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा लॅबमधल्या शिपाईमामांकडे गयावया करून मी एक थर्मामीटर दोन दिवसांसाठी मागून आणला. लांब काठीला बांधून तो काहिलीत धरला. घरात मला सुनी म्हणतात. आबा खड्ड्यातून ओरडले, "सुने, पडशील!" चाचा ढिगावर होतेच.

"नळीत काय बघतीस गं पोरी?"

"उष्णता किती आहे ते, चाचा."

"बघ, बघ. तुझी नळी सांगंल तवा मला उठीव."

मी पाऱ्यावर डोळे लावून बसले. एकशे बारा. एकशे पंधरा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी काठी हलू दिली नाही. पारा एकशे अठरावर टेकला आणि त्याच क्षणी पाठीमागून आवाज आला, "उतरा!" मी वळून पाहिलं. टॉवेल अजून तोंडावरच होता. त्या दिवशी तीन आधणं झाली आणि तिन्ही वेळा तेच. मी हरखून सगळ्यांना सांगत सुटले, चाचांचा कान आणि शास्त्र एकच सांगतात म्हणून. चाचा विडी झटकत म्हणाले, "म्हंजे तुझ्या नळीला माझं पटलं म्हण की!"

निकाल लागला तेव्हा आबा गप्पच होते. माझ्या पदवीचा कागद त्यांनी हातात घेतला, हात धुतले नाहीत हे लक्षात आल्यावर परत दिला, आणि खड्ड्यात उतरले. बोभाटा केला तो चाचांनी. गुऱ्हाळावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "पावणं, ही आमच्या संभ्याची सुनी. रसायन शिकलीया. आमी नुसता गूळ करताव, ही त्येचं कारण सांगती." मी लाजून आत पळायची. पण खरं सांगते, ऐकायला दाराआड उभी राहायची.

त्यानंतरच्या हंगामात चाचा मला अधूनमधून परीक्षा घेतल्यासारखं विचारू लागले. मी क्लासवरून येताना आबांचा डबा घेऊन गुऱ्हाळावर जायची. चाचा म्हणायचे, "सुने, सांग बघू, रंग कसा हाय रसाचा?" मी म्हणायची, "हळदीसारखा." "नीट बघून सांग. हळद वली का वाळली?" मला वाटायचं, शिकवतायत. एवढा मोठा गुळव्या, आपल्याला त्याची विद्या देतोय. मी वाकून वाकून बघायची आणि रंग सांगायची. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटायचा.

एका सकाळी मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभी होते. काही बोलले नव्हते. त्यांनी मान वर केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण, शेवंता व्हय?" शेवंता माझी आई. ती त्या दिवशी माहेरी गेलेली.

मी डबा खाली ठेवला. म्हणाले, "चाचा, मी सुनी."

त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. मग हसले. "कळलं म्हण की तुला." उजव्या डोळ्याचं पूर्ण गेलं होतं. डाव्याला सावल्या दिसायच्या. मधुमेह अंगात कधीपासून होता ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आतला पडदा गेला, आता परत येणार नाही. "जन्मभर गूळ केला आणि झाली साखर," ते म्हणाले, आणि आपल्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसले. मला हसू आलं नाही.

"आबांना ठाऊक आहे?"

"न्हाय. आणि तू सांगायचं बी न्हाय. त्येच्या जिवाला घोर लागंल. खड्ड्यात त्यो, वर मी आंधळा. त्येला जाळ घालणं सुचंल का?" मग माझ्या दिशेनं, पण जरा बाजूला बघत म्हणाले, "माझं कान हायत की गं. तू बिनघोर ऱ्हा."

मी राहिले. वर्षभर राहिले. आणि खरंच काही बिघडत नव्हतं. तोंडावर टॉवेल टाकून झोपणारा माणूस आंधळा झाला, हे कुणाच्या लक्षात येणार? बावीस हंगाम लोकांनी त्यांचे मिटलेलेच डोळे पाहिले होते.

पुढच्या दसऱ्याला गुऱ्हाळ मालकांच्या मुलाकडे आलं. विक्रमदादा. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. पहाटे आमच्याआधी हजर असायचा, कामगारांना चहा स्वतः द्यायचा. पण गुऱ्हाळं एकामागून एक बंद पडत होती, चिपाड पुरत नव्हतं, आणि त्याला आपलं गुऱ्हाळ चालवून दाखवायचं होतं. त्यानं चुलवाणाला विजेवरचा ब्लोअर बसवला. वारं आत ढकलणारा मोठा पंखा. त्यानं जाळ एकसारखा लागायचा, चिपाडही कमी जळायचं. सगळे खूश झाले. फक्त तो सुरू झाला की शेजारच्या माणसाला हाक मारली तरी ऐकू जायची नाही, असा त्याचा आवाज होता.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा चाचा ढिगावर नव्हते. काहिलीला अगदी खेटून उभे होते, हातात रस ढवळायची फावडी आणि मान एका बाजूला कललेली. वाफेनं तोंड लाल झालं होतं. मी जवळ जाऊन विचारलं, "चाचा, ऐकू येतंय का?" ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, माझंच बोलणं त्यांना ऐकू गेलं नाही.

चार दिवसांत पाच आधणं काळी पडली.

पाचवं पडलं तो रविवार होता. मी डबा घेऊन पोचले तेव्हा वाफ्यात डांबरासारखा पाक पसरला होता आणि विक्रमदादा खड्ड्याच्या कडेला उभा राहून आबांवर ओरडत होता. ब्लोअर चालू असल्यामुळं ओरडावंच लागत होतं.

"जाळ आवरंना व्हय तुमास्नी, संभाजीमामा? सांगून दमलो मी! यंत्र हाय त्ये, तुमचं जुनं चुलवाण न्हवं! हुत नसंल तर सांगा, दुसरा माणूस बघतो!"

आबा खड्ड्यात होते. अंगावर राख, मान खाली. वरून कुणीतरी आपल्यावर ओरडतंय आणि आपण खाली उभे आहोत, असं माझ्या बापाला मी आयुष्यात फार वेळा पाहिलंय. शिकून मला दुसरं काही मिळालं असेल-नसेल, ते बघून गप्प राहायचं माझं बळ गेलं होतं. जाळात काही चूक नव्हती हे मला कळत होतं. "उतरा" हा शब्द उशिरा येत होता.

मी चाचांकडे पाहिलं. ते तिथंच होते, फावडी धरून. सगळं त्यांना ऐकू जात होतं, कारण विक्रमदादा त्यांच्या कानाशीच ओरडत होता. मी वाट पाहिली. मनात म्हणाले, बोला चाचा. एक शब्द बोला. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

आणि मी बोलले. जेवढं मोठ्यानं बोलता येईल तेवढ्या मोठ्यानं. "आबांची चूक न्हाई! चाचांना दिसत न्हाई! वर्षभर दिसत न्हाई!"

कुणीतरी जाऊन ब्लोअर बंद केला. एवढी शांतता त्या गुऱ्हाळात कधी झाली नसेल. विक्रमदादा चाचांसमोर गेला आणि त्यांच्या तोंडापुढून हात फिरवू लागला. एकदा, दोनदा.

"हात खाली घ्या, दादा," चाचा म्हणाले. "वंगणाचा वास येतोय हाताला."

विक्रमदादानं हात घेतला. तो शरमला होता, हे मी पाहिलं. चाचा म्हणाले, "दुसरं आधण चढलंय. यंत्र बंदच ठेवा. एवढं उतरून दावतो, मग काय ते ठरवा."

दोन तास कुणी तिथून हललं नाही. आबा खालून हातानं चिपाडं सारत होते. "संभ्या, दमानं." "घेतलं दमानं." चाचा काहिलीकडे पाठ करून उभे राहिले, टॉवेल हातात, आणि एका क्षणाला म्हणाले, "उतरा." ते ओरडले नाहीत. पाक वाफ्यात आला तो झेंडूच्या फुलासारखा. सगळ्यांचे चेहरे उजळले. मला वाटलं, वाचलं. आता सगळं नीट होईल.

विक्रमदादा वाफ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "चाचा, तुमच्यासारखा गुळव्या पंचक्रोशीत न्हाय. पर यंत्र बंद ठेवून गुऱ्हाळ कसं चालंल, तुमीच सांगा." मग तो माझ्याकडे वळला. "ताई, कॉलेजात असताना तुमी थर्मामीटर आणलेला. किती डिग्रीला उतरायची हुती काहील?"

"एकशे अठरा," मी म्हणाले.

वर्गात सरांनी विचारावं आणि उत्तर येत असलेल्या मुलीनं हात वर करायच्या आधीच बोलून जावं, तसं ते बाहेर पडलं. मी काय सांगितलं, हे सांगून झाल्यावर मला कळलं. विक्रमदादानं मान हलवली. चाचांनी फावडी भिंतीला टेकवली. भिंत चाचपून मग टेकवली.

आठवड्यात पारा-बिरा नसलेला, आकडे दाखवणारा नवीन थर्मामीटर आला. मळी काढणारा एक गडी तो काहिलीत धरून उभा राहायचा आणि ११८ दिसलं की हात वर करायचा. गूळ चांगला व्हायचा. आबांना कुणी काढलं नाही. त्या दिवशी घरी येताना आबा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यानंतरही तो विषय त्यांनी काढला नाही. मला वाटलं, मित्रानं ऐन वेळी तोंड फिरवलं, ते त्यांना लागलंय.

मला तर फारच लागलं होतं. माझा बाप बोलणी खात असताना ज्यानं तोंड फिरवलं, त्या माणसाच्या घरी मी महिनाभर गेले नाही. शेवटी गेले तेव्हा चाचा दाराच्या पायरीवर बसले होते. स्वच्छ विजार, इस्त्रीचा सदरा, टॉवेल खांद्यावर. त्यांची सून आतून म्हणाली, "पहाटे चारला उठून आवरून बसतात, ताई. म्हटलं अब्बा, आता कशाचा घोर नाही तुम्हाला, बिनघोर झोपा की." ती प्रेमानं बोलत होती. चाचांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. तो शब्द त्यांच्याबद्दल वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. माणसावर कुणी काही सोपवायचं बंद केलं की त्यालाही बिनघोरच म्हणतात, हे मला त्या पायरीवर कळलं.

"गूळ कसा हुतोय?" त्यांनी विचारलं.

"चांगला होतोय."

"हुणारच. आकडा चुकत न्हाय."

मी रडायला लागले. म्हणाले, "चाचा, तो आकडा मी सांगायला नको होता." ते म्हणाले, "का गं? त्येनं इचारलं, तुला येत हुतं, तू सांगितलंस. मग शिकलीस कशाला?" आणि मग माझ्या मनात महिनाभर जे सलत होतं ते मी बोलून टाकलं. मी स्पष्ट बोलणारी आहे, पोटात ठेवता येत नाही. म्हणाले, "पण तुम्ही का नाही बोललात? आबा तुमच्यासाठी बोलणी खात होते. तुम्हाला ऐकू जात होतं. तुम्ही तोंड फिरवलंत."

चाचा हातानं पायरीची कड चाचपत बसले.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "भ्यालो, पोरी. हातातनं काम जाईल म्हणून भ्यालो. तुझ्या बापाला पुढं केलं. तू बोललीस त्ये लई चांगलं केलंस. एवढ्या मोठ्या मान्सांत तुलाच त्ये जमलं."

"जाऊ दे चाचा," मी म्हणाले. "माझ्या मनात आता काही नाही."

"नसंल तर बरं. मनात काय ठेवू नगंस. तू बिनघोर जा."

आणि मी गेले. वाटेत पोटातून दगड काढल्यासारखं हलकं वाटलं. चूक त्यांची होती, त्यांनी ती कबूल केली, मी ती पोटात घातली. कितीतरी दिवसांनी मला त्या दिवशी नीट जेवण गेलं. पुढं मी अधूनमधून जायची, चहा घ्यायची, क्लासातल्या गमती सांगायची. आबाही जायचे, पण माझ्याबरोबर कधी नाही. एकटे जायचे. दोघं म्हणे नुसते बसायचे, बोलायचे नाहीत.

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच चाचा गेले. पायाची जखम भरेना, मग ती वर चढली, मग दवाखाना. चौदा दिवसांत सगळं आटोपलं. त्यांच्या लेकाचा फोन दुपारी आला. मी क्लास सोडला आणि आबांना गाडीवर घेऊन निघाले. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी फाटकाबाहेर गाडी लावून उभी राहिले. आत माणसं पुष्कळ होती. गुऱ्हाळातली सगळी होती, विक्रमदादाही होता, टोपीऐवजी रुमाल बांधून. आबा माती देऊन आले. हात झटकले नव्हते. गाडीवर मागं बसले आणि म्हणाले, "चल."

बावड्याचं वळण आलं. मग पाठीमागून, वाऱ्यात अर्धवट ऐकू येईल असं म्हणाले, "तुझ्याआधी दोन वर्सं ठाऊक हुतं मला. डोळ्याचं."

मी गाडी बाजूला घेतली.

"बावीस हंगाम त्येचा आवाज ऐकलाय मी. दिसणारा माणूस असा बोलत न्हाय. मला काय कळत न्हवतं व्हय?" आबा रस्त्याकडे बघत बोलत होते. "यंत्र बसलं तवाच मी त्येला म्हनलो, शिमग्यापतूर कसंबी काढू. आधणं काळी पडली तर जाळाचं म्हनून सांगतो मी. बोलणी माझ्या वाट्याची. तू मधी बोलायचं न्हाय. त्यो ऐकंना. भांडला माझ्यासंगं. मग मी तुझी शपथ घातली त्येला."

"माझी?"

"तुझीच. दुसऱ्या कशाला त्यो बधला नसता. हंगाम सरला की त्यो आपणहून सोडणारच हुता. उभ्या मान्सानं जाणार हुता." आबांनी हाताला लागलेल्या मातीकडे पाहिलं. "तू खरं बोललीस, त्येचा मला राग न्हाय. पर मला इचारलं न्हाईस."

"पण आबा, चाचा मला म्हणाले, ते भ्याले म्हणून गप्प बसले. माझं चुकलं म्हणाले. त्यांनी तुमचं काही सांगितलं नाही."

आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्यो असं म्हणाला?"

"हो."

"मग तू काय म्हणालीस?"

मी गाडी सुरू केली. घर येईपर्यंत आबांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मी त्यांना सांगितलं नाही, की मी चाचांना माफ करून आले होते.